सासऱ्यांची छत्री

मी मुळातच भित्रा माणूस. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत आमची गिरगावातली अख्खी चाळ रस्त्यावर उतरायची, तेव्हा मी दाराला कडी लावून आत बसायचो. कारण काय, तर सरकारी कचेरीतली नोकरी.

त्या आषाढात सासरे बेळगावहून आले होते. बायको सात महिन्यांची गरोदर. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून तिला न्यायला. दुसऱ्या दिवशीची गाडी होती. सासरे शाळामास्तर. बेळगाव म्हैसूर राज्यात गेलेलं, त्यामुळे तिकडच्या सरकारी शाळेत मराठी मास्तरांवर आधीच डोळा. चळवळीत नाव आलं की नोकरी गेलीच म्हणून समजा. मुंबई त्यांनी कधी पाहिली नव्हती. बायको म्हणाली, बाबांना जरा फिरवून आणा. मी तोऱ्यात म्हटलं, पायीच नेतो, मुंबई पायीच बघावी.

कसली बघतोय! धोबीतलावाच्या पुढे गेलो आणि पाऊस असा कोसळायला लागला की राजाबाई टॉवरचं घड्याळही दिसेना. सासरे मात्र खूश. प्रत्येक इमारतीपुढे थांबून दगड कुठला, बांधली कोणी, असं विचारायचे. मला ओ का ठो माहीत नव्हतं, मी आपलं ठोकून द्यायचो. मैदानाजवळ वाऱ्याने त्यांची छत्री उलटी झाली आणि कापड काड्यांवरून सुटून नुसतं दांड्याला लोंबायला लागलं. मी समोरच्या पानवाल्याकडे सुतळी मागायला रस्ता ओलांडला.

तेवढ्यात शिट्ट्या वाजल्या. कुठल्याशा मंत्र्याच्या गाड्या येत होत्या, पोलिसांनी रस्ता अडवला. मी दिसेना म्हणून सासरे घाबरले असावेत. ते कठड्यावर चढले आणि मला कळावं म्हणून छत्रीचा दांडा उंच धरून हलवायला लागले. काळं फडकं, आणि ऐन मंत्र्याच्या गाडीसमोर! त्या दिवसांत मंत्र्याला काळं निशाण दाखवलं की सरळ कोठडी, हे शेंबडं पोरही सांगेल. पण गडबडीत सासऱ्यांना ते सुचलंच नाही.

दोन हवालदारांनी त्यांना धरून रस्त्याच्या अलीकडे आणलं. ते माझ्याकडे बोट दाखवून काही सांगत होते. इन्स्पेक्टर माझ्यापुढे येऊन उभा राहिला.

"हा म्हातारा तुमचा कोण?"

"कोणी नाही, साहेब. मी ओळखत नाही."

सासऱ्यांनी ते ऐकलं. चार हातांवर तर होते. त्यांनी बोट खाली घेतलं आणि शांतपणे म्हणाले, माझीच चूक झाली, मला दुसरंच कोणी वाटलं. मग ते पोलिसांच्या गाडीत चढले.

मी गाडीमागोमाग चौकीपर्यंत गेलो आणि समोरच्या वळचणीला चार तास उभा राहिलो. आत जायची हिंमत होईना आणि घरी जायला तोंड नव्हतं. नाव लिहून घेतलं असेल का? बेळगावला तार जाईल का? उद्या हिला कोण नेणार? माझी मलाच घाण वाटत होती, तरी पाय पुढे पडत नव्हता.

संध्याकाळी ते बाहेर आले. छत्रीच्या काड्या बघून ते निशाण नव्हतं हे साहेबाला पटलं होतं, नाव न लिहिताच सोडलं. मी पुढे झालो.

"जावईबापू, पोरीला यातलं काही बोलू नका," ते म्हणाले. "आणि तुम्ही नाही म्हणालात ते शहाणपणाचंच केलंत. दोघंही आत गेलो असतो, तर तिच्याजवळ कोण होतं?"

मी मान डोलावली. खरं सांगतो, साहेबाला नाही म्हणताना ती माझ्या मनात आलीसुद्धा नव्हती.