बांधावरची ओरड

तापीकाठच्या त्या उसाच्या शेतातला पंचनामा मी अजून विसरलेलो नाही.

पाटचारीत एका सालदाराचे, म्हणजे वर्षाच्या करारावर राबणाऱ्या मजुराचे, प्रेत सापडले होते. बुडून मृत्यू, अशी नोंद झाली. नंतर आमच्या पोलीस ठाण्यात फोन आला. नाव न सांगता तो माणूस म्हणाला, "पाय देखा त्याना." शवविच्छेदनात घोट्यावर विजेच्या धक्क्याची खूण निघाली. मालकाने रानडुकरांसाठी कुंपणात वीज सोडली होती, हे उघड झाले.

चौकशीत मालकाचा धाकटा मुलगा पुढे आला. तार मीच जोडली, प्रेतही मीच टाकले, असे त्याने सांगितले. पुन्हा विचारले, तेव्हाही तेच शब्द, त्याच क्रमाने. खरे सांगणारा माणूस मागेपुढे होतो. हा होत नव्हता. मी त्याला शेतात नेले.

वायरमनकडून पुरवठा आधीच तोडून घेतला होता; घरच्यांना ते ठाऊक नव्हते. पंच, बाप, थोरला मुलगा आणि सालदाराची बायको बांधावर उभी होती.

"तार कुठे जोडली, दाखव."

धाकटा विहिरीजवळच्या विजेच्या पेटीपाशी गेला. बटण बंद आहे हे पाहून त्याने उघड्या टोकाकडे हात नेला.

"हात नको लावू!" थोरला ओरडला. "बटण बंद शे तरी तठे करंट येस!"

तार बटणाच्या अलीकडून, थेट आलेल्या लाइनवरून घेतली होती. हे जोडणाऱ्यालाच माहीत असणार.

बाप थोरल्याकडे वळला. "काय गरज व्हती रे बोलानी?"

मग मला म्हणाला, "थोरलाले दोन लेकरं शेतस. धाकलानं लगन बाकी शे. तुम्हीच हिसाब करा, साहेब."

कोणत्या वाफ्याला आधी पाणी द्यायचे, हे सांगावे तसा त्याचा आवाज होता. गुन्हेगार मी पुष्कळ पाहिले होते; असा आवाज मात्र ऐकला नव्हता.

सालदाराच्या बायकोने विचारले, "आनि मन्हा धनी कोणता हिसाबमा शे, बाबा?"



सदोष मनुष्यवध आणि पुरावा नष्ट करणे, या कलमांखाली थोरल्याला अटक केली. बाप आणि धाकट्यावरही कारवाई झाली. भावनेला बाजूला ठेवून विचार करावा, असे आम्हाला प्रशिक्षणात शिकवले होते, आणि तपासात ते बरोबरच आहे. पण या घरात सगळे विचार करूनच झाले होते. सवडीने विचार केला तेव्हा थोरल्याने प्रेत पाटात टाकले, घरच्यांनी धाकट्याला तुरुंगात पाठवायचे ठरवले. विचाराला सवड मिळाली नाही त्या एका क्षणी थोरला भाऊ झाला. निर्णय किती शांतपणे घेतला यावरून तो किती योग्य, हे ठरवायचे मी तेव्हापासून सोडले.

जीपमध्ये बसताना धाकटा हळूच म्हणाला, "दादा, गप ऱ्हायना असता तं सुटी जाता तू."

थोरल्याने वर पाहिले नाही.

"तू हात घाली ऱ्हायना व्हता ना," तो म्हणाला.