पासबाईंची सही

माहिती कार्यालयात त्यांना सगळे पासबाई म्हणायचे. सभा असो की सामना, पत्रकारांचे पास तीस वर्षं त्यांच्याच टेबलावरून गेले. नाकावर माशी बसू द्यायच्या नाहीत. फॉर्मवरचा फोटो जुना दिसला की भल्याभल्या संपादकांना विचारायच्या, "हे तुम्ही की तुमचा धाकटा भाऊ?" समोरच्या टेबलावर मी याद्या टाईप करायचो. माझ्या रजेच्या अर्जावर मात्र बाई न वाचताच सही करायच्या. "तुझं काय वाचायचं," म्हणायच्या.

मग देशोदेशीच्या नेत्यांची परिषद आमच्या शहरात भरली. अर्ज आले अठराशे, आणि नेते हस्तांदोलन करणार त्या दालनात जागा फक्त बारा. अकरा मोठ्या वाहिन्यांनी आधीच पटकावल्या. बारावी शहरातल्या छोट्या वर्तमानपत्रांना मिळावी म्हणून बाई साहेबांशी दोन आठवडे भांडल्या. हे साहेब नोकरीला लागले ते बाईंच्याच हाताखाली. फॉर्म कसा तपासायचा ते बाईंनी शिकवलं, त्यांच्या चुका पोटात घातल्या. शेवटी ते म्हणाले, "ताई, तुमचा शब्द खाली पडू देणार नाही."

बाईंनी सगळ्यांसमोर स्टीलच्या डब्यातून चिठ्ठी काढली. नाव निघालं फोटोकाकांचं. एका सायंदैनिकासाठी चाळीस वर्षं तुंबलेली गटारं आणि शाळांची संमेलनं टिपणारा माणूस. महिनाभरात निवृत्त होणार होते. "बाई, नक्की ना?" त्यांनी तीनदा विचारलं. "मी सांगतेय ना," बाई म्हणाल्या.

बाईंच्या सहीशिवाय गेटवर यादी चालत नसे. आयत्या वेळी कुणाचा पास हरवतो, कुणी आजारी पडतं, म्हणून त्यांनी सही केलेले दोन-तीन कोरे कागद साहेबांकडे ठेवायची आमची जुनी पद्धत. या वेळीही ठेवले होते. परिषदेच्या दिवशी सकाळी साहेबांनी त्यातला एक माझ्यापुढे सरकवला आणि बारावं नाव सांगितलं, एका वाहिनीच्या मालकाच्या जावयाचं.

"बाईंना माहीत आहे?" मी विचारलं.

"सही दिसत नाही का?"

दिसत होती. आदल्या दिवशी कोऱ्या कागदावर ती करताना मी त्यांना पाहिलंही होतं. फोन हाताशी होता. मी नाव टाईप केलं.

दहा वाजता गेटवरून बाईंना बोलावणं आलं. पासांची पेटी घेऊन मी मागे होतो. इस्त्रीचा शर्ट घातलेले काका गळ्यात पास अडकवून बाजूला उभे होते आणि जावईबापू आत जात होते. सुरक्षारक्षकाने यादी दाखवली.

"बाई, सही तुमचीच ना?" काकांनी विचारलं.

बाईंनी कागद दोनदा पाहिला. साहेबांचं नाव त्या घेऊ शकल्या असत्या, माझंही. "माझीच आहे," त्या म्हणाल्या.

काकांनी गळ्यातला पास काढून त्यांच्या हातात दिला आणि कॅमेऱ्याची पिशवी सावरत निघून गेले.

संध्याकाळी साहेब समजूत घालायला आले. "ताई, मनाला लावून घेऊ नका. वरून दबाव होता."

"मग तुमची सही करायची होती," बाई म्हणाल्या.

केसाने गळा कापला त्या माणसाने. साहेबांना मी आजही मनातल्या मनात शिव्या देतो, आणि त्या देताना माझी मलाच लाज वाटते.

नाव कुणी टाईप केलं हे बाईंनी कधीच विचारलं नाही. कार्यालयात टाईप करणारा मी एकटाच होतो.

महिन्याभराने मी रजेचा अर्ज त्यांच्यापुढे ठेवला. बाईंनी चष्मा लावला. पहिल्या ओळीपासून तारखेपर्यंत अर्ज वाचला, खालच्या मोकळ्या जागेवर आडवी रेघ मारली आणि मग सही केली. निवृत्त होईपर्यंत माझा प्रत्येक कागद त्यांनी असाच वाचला.