आतोबांच्या चुका

स्वतःची चूक सापडल्यावर परीक्षेत पहिला आल्यासारखा खूश होणारा माणूस सबंध मुंबईत एकच झाला, आणि तो माझ्या आत्याचा नवरा होता. बाकीचे लोक आपली चूक दुसऱ्याच्या गळ्यात घालायला बघतात. आतोबा ती शेजाऱ्यांना बोलावून दाखवत. परळच्या एका कॉलेजात त्यांनी आयुष्यभर भौतिकशास्त्र शिकवलं आणि घरीही त्याला कधी सुट्टी दिली नाही. मनात आलेली कुठलीही कल्पना आधी कॅलेंडरच्या पाठीवर पेन्सिलीने मांडायची आणि मग तपासायची. चुकली तर खोडरबर वापरायचा नाही, नुसती आडवी रेघ मारायची, म्हणजे आपण कुठे फसलो ते वाचता येतं. आत्याचं दूध रोज उतू का जातं, यावर त्यांनी आठवडाभर नोंदी केल्या: भांड्याचा आकार, गॅसची आच, खिडकीतला वारा. शेवटी आत्या म्हणाली, की तुम्ही इथे उभे राहून मला प्रश्न विचारता, म्हणून जातं. आतोबांनी आधीच्या साऱ्या ओळींवर रेघ मारली, आत्याचं म्हणणं तिच्या नावानिशी लिहिलं आणि दुसऱ्या दिवसापासून दाराबाहेर उभं राहून प्रश्न विचारू लागले.

त्यांच्या चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर सकाळचं पाणी चढेनासं झालं, तेव्हा तर त्यांना चेवच आला. सलाइनच्या नळ्या आणि तेलाचे रिकामे डबे जोडून त्यांनी गॅलरीत अख्ख्या चाळीची प्रतिकृती उभी केली. तिच्यात पाणी तिसऱ्या मजल्यापर्यंत झकास चढायचं. तेव्हा खरा पाइपच आतून गंजला असणार, असं ठरलं. भाडेकरूंची सभा भरली, भिंत फोडायचं नक्की झालं. आतोबा प्रात्यक्षिक दाखवत होते: आधी पाणी आलं, मग प्रत्येकाने तोटी उघडली. तेवढ्यात पहिल्या मजल्यावरच्या मालवणी आजी म्हणाल्या, "मास्तरांनू, तोटी बंद कोण ठेवता? मगे पाणी इला ता कळतला कसा?" खालच्या दोन्ही मजल्यांवर लोक तोटी उघडी ठेवूनच झोपत, बादलीत धार पडली की आवाजाने जाग यायची. आतोबांनी खालच्या तोट्या उघड्या ठेवून पुन्हा पाणी सोडलं. तिसरा मजला ठणठणीत कोरडा. माझं साफ चुकलं, असं त्यांनी सभेला इतक्या आनंदाने सांगितलं, की दोघातिघांनी टाळ्याही वाजवल्या. गवंडी ठरवून आलेले सेक्रेटरी मात्र महिनाभर त्यांच्याशी बोलले नाहीत.

मला हे सगळं गमतीचं वाटायचं, माझ्यावर वेळ येईपर्यंत. शिवडीच्या खाडीत गाळ कसा बसतो, यावर मी तेव्हा पीएचडी करत होते. भरती-ओहोटी, वारा, पाण्याचा वेग धरून मी गणित मांडलं होतं आणि तीन वर्षं ते छान जुळत होतं. फक्त काही नोंदींत पाणी भलतंच गढूळ निघे. प्रबंध द्यायला महिना उरला होता, शिष्यवृत्ती संपत आली होती. उपकरण बिघडलं होतं असं लिहून त्या नोंदी वगळायच्या, असं मी ठरवलं आणि सहज म्हणून आतोबांच्या कानावर घातलं.

ते रागावतील असं वाटलं होतं, पण ते रागावले नाहीत. मग उपकरण खरंच बिघडलं होतं का, एवढंच त्यांनी विचारलं. मी मान खाली घातली.

"मीही एकदा दोन आकडे वगळले होते," ते म्हणाले. "तुझ्याच वयाचा होतो. शोधनिबंध छापून आला, सगळ्यांनी पाठ थोपटली, नोकरी मिळाली. पुढे दुसऱ्या कुणाला तशाच आकड्यांत नवी गोष्ट सापडली. ती मला सापडली नाही, त्याचं काही नाही. पण ते माझ्यासमोर होते गं, आणि मी बघितलं नाही."

आत्या आतून ऐकत होती. चाळीस वर्षांच्या संसारात तिनेही हे पहिल्यांदाच ऐकलं.

दुसऱ्या दिवशी टोपी घालून, डबा घेऊन ते माझ्याबरोबर शिवडीच्या जेट्टीवर आले. त्या गढूळ नोंदी नेमक्या कुठल्या जागेच्या, हे विचारत राहिले. ओहोटी लागली, चिखल उघडा पडला आणि फ्लेमिंगोंचा थवा बरोबर तिथेच उतरला. माना खाली घालून, जागच्या जागी पाय नाचवत, चिखल ढवळत ते खाऊ लागले. तीन वर्षं मी त्यांचे फोटो काढत होते. माझ्या गणितात पाणी होतं, वारा होता. तिथे कुणी राहतं, हे नव्हतंच. आतोबांनी डबा उघडून निम्मी पोळी-भाजी माझ्यापुढे केली.

प्रबंध वर्षभर लांबला. ते वर्ष मी शिकवण्या करून काढलं, पुष्कळदा रडलेही. पण आज मला जे थोडंफार शास्त्र येतं, ते त्याच वर्षात आलं आणि आतोबांमुळे आलं. त्यांचे आभार मात्र नीट मानता आले नाहीत. मानायला गेलं की ते प्रबंधातल्या चुका दाखवायला लागत.

गेल्या वर्षी आतोबा गेले. परवा नव्या नोंदी बघताना दिसलं, की पक्षी नसतानाही त्या जागी पाणी गढूळच आहे. म्हणजे माझं पक्ष्यांचं स्पष्टीकरणही अपुरंच. सवयीने आतोबांच्या घरी फोन लावला आणि घंटी वाजू लागल्यावर आठवलं, की आता ते नाहीत. फोन आत्याने उचलला. मी खरं तेच सांगितलं, की बहुतेक माझं चुकलंय.

"मग ये ना," ती म्हणाली. "मला नीट समजावून सांग. कळणार नाही फारसं, पण या घरात बऱ्याच दिवसांत कुणाचं काही चुकलं नाही गं."