वहिनींची दाढ

दातांच्या डॉक्टरांनी आजवर हजारो दाढा काढल्या असतील, पण एक दाढ त्यांना अजून छळते.

तीन वर्षांपूर्वी त्यांचा मोठा भाऊ जबडा दुखतो म्हणत दवाखान्यात आला होता. त्याचा घामेजलेला चेहरा पाहताच डॉक्टरांनी त्याला गाडीत घातलं आणि थेट हृदयाच्या इस्पितळात नेलं. भाऊ वाचला.

यंदा त्याच खुर्चीत वहिनी बसल्या. "जिना चढले की जबडा ठणकतो हो भाऊजी. अंगात त्राणच राहत नाही."

"घरकामाने दमताय, दुसरं काय!" डॉक्टर हसून म्हणाले आणि त्यांनी जराशी किडलेली दाढ काढून टाकली.

चौथ्या दिवशी वहिनी ओट्यापाशी कोसळल्या. जीव वाचला, पण झटका उशिरा कळल्यामुळे हृदय कायमचं कमजोर झालं.

इस्पितळात डॉक्टरांना मान वर करवेना. "दादाचं दुखणं मला बघताक्षणी कळलं, वहिनी. तुमचं मी नीट ऐकलंसुद्धा नाही."

"मी तरी कुठे ऐकलं?" वहिनी म्हणाल्या. "ह्यांना असं झालं असतं तर मी घर डोक्यावर घेतलं असतं."

वहिनींना घरी सोडायच्या आधीच डॉक्टरांनी आपलं बिऱ्हाड भावाच्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात हलवलं आणि स्वतःचं तळमजल्यावरचं घर वहिनींना दिलं. झालं गेलं विसरा, असं वहिनी त्यांना वरचेवर सांगतात. ते मान डोलावतात आणि तो विषय निघाला की काहीतरी काम काढून उठून जातात.