पाहुण्यांसमोर चालणारं औषध

फुलांच्या अर्काची ती बाटली घरात मीच आणली, त्यामुळे पहिल्या शिव्या मलाच.

ताई दोन वर्षांपासून मनाच्या आजारावर डॉक्टरांच्या गोळ्या घेत होती. झोप लागायची, पण सकाळी छातीत धडधड व्हायची. भंडाऱ्यातल्या एक निवृत्त शिक्षिका फुलांच्या अर्काचे थेंब देत. त्यांनी तासभर ताईचं ऐकून घेतलं आणि आम्हा दोघांना बजावलं, की हा नुसता मनाला आधार आहे, गोळ्या एक दिवसही चुकवायच्या नाहीत. ताई रोज सकाळी कपभर पाण्यात चार थेंब टाकून अंगणात बसू लागली. तिला बरं वाटायचं. ते फुलांमुळे, की कोणीतरी तासभर ऐकल्यामुळे, मला ठाऊक नाही. आमच्या घरात तेवढं कोणीच ऐकलं नव्हतं, मीसुद्धा.

आईला त्या बाटलीत वेगळंच काही सापडलं. ताईला पाहायला सानगडीहून पाहुणे यायचे होते. डोक्याच्या गोळ्या म्हटलं की सोयरीक मोडते. फुलाच्या औषधाला कोणी नाक मुरडत नाही. म्हणून तिनं गोळ्या धानाच्या पोत्यांमागं लपवल्या आणि बाईंचाच निरोप आलाय, आता थेंब पुरेत, असं ताईला ठोकून दिलं. हे सगळं मला नंतर कळलं. मी वरठीच्या कारखान्यात डबल पाळ्या करत होतो. ताईचे डोळे खोल गेलेले दिसत होते, आणि मी लग्नाचं टेन्शन समजून गप्प. अक्कल गहाण ठेवली होती.

पाहुणे आले. ताई चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली. मुलाच्या मावशीनं तब्येतीचं विचारलं, तर आईनं लगेच बाटली पुढे केली. पोरीला जरा धाकधूक होते, फुलाचे थेंब घेते, बस. मावशी खूश. गुडघेदुखीला चालेल का, म्हणून विचारू लागली. आठवलं की अजून डोकं तापतं.

ताईनं ट्रे खाली ठेवला.

"मी डोक्याच्या गोळ्या घेत होतो. आठ दिवस झाले, मायनं बंद केल्या. आज बाईंले फोन केला. त्यायनं असं काही सांगतलंच नाही."

पाहुणे चहा न घेता उठले. मी आईवर ओरडलो, शेजारी दारात येईपर्यंत ओरडलो. ताईनं मला थांबवलं.

"आता कायले ओरडून राहिला? आठ दिवस मी तुह्यासमोरच जेवत होतो."