दिगंबरकाका आणि थेट जागा

शनिवारी सकाळी हर्नडनहून नलूकाकूंचा फोन आला तेव्हा मी ओट्यापाशी कांदा चिरत होते. "गेले गं," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "काल संध्याकाळी विचारत होते, उद्या मॅच कितीला आहे..." अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलचा सीझन ऐन भरात, आणि दिगंबरकाका नाहीत, हे मला कळायलाच दुपार झाली. त्याला आता काही आठवडे झाले. इथे माणूस गेला की आधी ड्राइव्ह, मग फ्युनरल होम, मग सोमवारी पुन्हा ज्याचं त्याचं काम; रडायचं ते हायवेवर उरकायचं. मी दमलेय. पण काकांबद्दल कोणीतरी धड लिहायला हवं, कारण शोकसभेत सगळे त्यांना मनमिळाऊ म्हणाले, आणि काका मनमिळाऊ अजिबात नव्हते. हट्टी होते.

लग्न होऊन मी स्टेट कॉलेज नावाच्या या युनिव्हर्सिटीच्या गावी आले ती डिपेंडंट व्हिसावर. अभिजित, माझा नवरा, पीएचडीसाठी दिवसभर लॅबमध्ये; मला नोकरीची परवानगी नाही, ड्रायव्हिंग येत नाही, मेथीची जुडी बघायची तरी कोणाच्या तरी गाडीतून लांब जायचं. खालच्या अपार्टमेंटमध्ये काका-काकू राहायचे. काका मूळचे नागपूरचे, युनिव्हर्सिटीत माती तपासायच्या लॅबमध्ये कामाला. मॅचच्या शनिवारी अख्खं गाव स्टेडियमकडे निघायचं, बससुद्धा रस्ते बदलायच्या, आणि मी आपली खिडकीत. एकदा काकांनी खालून हाक मारली, "काय करून राहिली वर एकटी? ये, मॅच बघ." मी म्हटलं, मला यातलं ओ की ठो कळत नाही. "चेंडू नको बघू," ते म्हणाले. "शेवटी कोण कुठे जाणार ते बघ. खरी गंमत तिथे आहे बाप्पा."

ती गंमत अशी. कॉलेजांच्या टीम आपापल्या कॉन्फरन्समध्ये, म्हणजे गटात, खेळतात. नवीन वर्षाच्या सुमाराला मोठ्या मॅचेस होतात, त्यात बड्या गटांच्या चँपियनना थेट जागा. बाकीच्यांचं नशीब लोकांची मतं आणि कॉम्प्युटरची रँकिंग ठरवणार. आता एखादा बडा गट त्या वर्षी लेचापेचा निघाला, तरी त्याचा चँपियन तीन-चार मॅच हरूनही ऐटीत आत. आणि तगड्या गटातला दुसऱ्या नंबरचा, जो त्याला सहज लोळवेल, तो बाहेरच राहणार. अभिजितचं डोकं फिरायचं. "काका, हे अनफेअर आहे यार. सरळ बेस्ट टीम्स घ्या ना."

"बेस्ट कोण, ते कोण ठरवणार?"

"कमिटी ठरवेल."

कमिटी म्हटलं की काका हातातला कप खाली ठेवायचे. तरुणपणी ते जिल्ह्याचे कॅरम चँपियन होते, आणि राज्याच्या टीमसाठी निवड समितीने नेमकं त्यांनी हरवलेल्या मुलाला घेतलं होतं. का, ते कोणी कधी सांगितलं नाही. "कमजोर गटातून जिंकला, तरी जिंकलाच ना? मतं मागून तर नाही आला?" अभिजित म्हणायचा, मग छोट्या गटांच्या चँपियनना दारच नाही, त्याचं काय? काका लगेच मान्य करायचे. "ते चूकच आहे. दार ठेवायचं तर सगळ्यांना ठेवा." दर शनिवारी हेच. मला दोघांचंही पटायचं आणि दोघांचाही कंटाळा यायचा.

गाडीने चार-पाच तासांच्या टप्प्यातल्या गावांतल्या मराठी मंडळींची कॅरम स्पर्धा काकांनीच सुरू केली, आणि नियमही त्यांचाच. प्रत्येक गावाने खेळून आपला चँपियन ठरवायचा, त्याला फायनलच्या दिवशी थेट जागा. मग गावात चाळीस खेळाडू असोत की चार. दुसऱ्या नंबरला काही नाही. हर्नडनला आयटीवाल्यांची ही गर्दी, तिथला कोणीही आम्हाला झोपेत हरवेल. आम्हाला तोंडावर "वशिल्याचे" म्हणत. काका ऐकून घ्यायचे आणि बोर्डवर पावडर टाकायचे.

मग त्यांच्या लॅबचं ग्रँट संपलं, आणि ते मुलाकडे हर्नडनला राहायला गेले. जाताना बोर्ड आमच्याकडे ठेवला. "गावाचा आहे, गावात राहू दे." मागच्या वर्षी आजार कळला. किती दिवस, ते डॉक्टरांनी न बोलताच सांगितलं. तशातही काका हर्नडनच्या स्पर्धेत उतरले, त्या सगळ्या गर्दीतून शेवटच्या गेमपर्यंत पोचले, आणि तिथे राणी घेतली, पण कव्हरची, म्हणजे राणी पक्की करणारी, सोंगटी हुकली. दुसरे आले.

आणि स्टेट कॉलेजची चँपियन कोण, तर मी. अभिजित थिसिसमध्ये बुडालेला, बाकीचे नोकऱ्या लागून पांगलेले, उरलो तिघं. बाकी दोघांना हरवून मी थेट फायनलच्या दिवशीच्या फेऱ्यांत. हसावं की रडावं... हर्नडनच्या लोकांनी काकांना एक जादा जागा देऊ केली, ती त्यांनी नाकारली. हे कळल्यावर मी फोन केला.

"काका, मी येत नाही. माझ्या जागेवर तुम्ही खेळा."

"का बरं?"

"मी पहिल्याच फेरीत उडणार, तुम्हालाही माहितीये. आणि तुमचं हे..."

"शेवटचं आहे, असं म्हणायचं आहे ना? म्हण की," ते शांतपणे म्हणाले. "पण पोरी, ती जागा तुझी थोडीच आहे? स्टेट कॉलेजची आहे. तू कशी काय वाटून राहिली?"

"कोणाला काही फरक पडणार नाही, काका."

"मला पडेल. माझ्यासमोर बसणारा मुद्दाम चुकेल. तसं जिंकून मी काय करू?"

गेले मी. तोवर ड्रायव्हिंग शिकले होते, चार तास ड्राइव्ह करत हर्नडनला गेले आणि सांगितल्याप्रमाणे पहिल्याच फेरीत उडाले. काका शाल गुंडाळून माझ्या बोर्डपाशी बसले होते. "हरली, पण खेळून हरली," म्हणाले. मला राग आला होता, त्यांचा आणि त्यांच्या नियमाचा. कारण गेमभर मला दिसत होतं, शालीखाली त्यांचं बोट मांडीवर टिचक्या मारत होतं. माझा प्रत्येक फटका ते स्वतः मारत होते. त्यांच्या घरी गेल्यावर काकू हळूच म्हणाल्या, "जादा जागा नको म्हणून फोन ठेवला ना, त्या दिवशी जेवले नाहीत. ताटाकडे बघत बसून राहिले." खेळायचं होतं त्यांना. फार खेळायचं होतं.

मागच्या आठवड्यात हर्नडनहून ईमेल आली. यंदापासून स्पर्धा काकांच्या नावाने, मोठी ढाल वगैरे. आणि खेळाचा दर्जा राखायला एक निवड समिती नेमलीये. छोट्या गावांनी आता चँपियन ठरवायची तसदी घेऊ नये, समिती योग्य वाटेल त्याला बोलावेल. मी आधी हसले, मग हसू येईना. त्यांचा मुद्दा अगदीच चूक आहे असंही मला म्हणता येत नाही. त्या दिवशी काकांनी खेळायला हवं होतं, हे माझं मत तर आजही कायम आहे. पण जे राखायला त्या माणसाने भरल्या ताटावरून हात मागे घेतला, ते त्याच्याच नावाच्या ढालीखाली मोडायचं? मी उत्तर पाठवलं, "शनिवारी आमच्या गावची मॅच आहे. जिंकेल तो येईल."

मागच्या वर्षीचे ते दोघंही गाव सोडून गेले; आता खेळणारे दोघंच, अभिजित आणि मी. शनिवारी टीव्हीवर फुटबॉल लावला, आवाज बंद केला, आणि काकांचा बोर्ड मांडला. खिडकीकडच्या बाजूची रेष त्यांच्या बोटाने पुसट झालीये. ते गेल्यापासून तिथे आम्ही कोणाला बसू दिलेलं नाही. अभिजितने पावडर टाकली आणि त्या बाजूकडे बघत घुटमळला.

"तू बस तिथे," तो म्हणाला. "तुझे जास्त होते ते."

"नको," मी म्हटलं. "टॉस कर."