थरथर

चिचगडच्या जंगलात आम्हा मित्रांना नेणारा वाटाड्या यंदा गेला. चालताना तो मागे वळून पाहत नसे. बुटांच्या आवाजावरून कोण थकलं ते ओळखायचा.

एका डिसेंबरात दिवसभर पाऊस लागला. संध्याकाळी तंबू ठोकला, तेव्हा सुधीर ओल्या कपड्यांतच कुडकुडत बसला. कोरडा जोड त्याने सकाळसाठी राखून ठेवला होता. थोड्या वेळाने त्याचं थरथरणं थांबलं आणि आम्हाला हायसं वाटलं.

वाटाड्या मात्र उठला. "काऊन बे, थंडी गेली का तुही?"

सुधीरची जीभ जड झाली होती. वाटाड्याने त्याचे ओले कपडे ओढून काढले, कोरडे चढवले आणि स्वतः उघडा होऊन त्याला छातीशी धरून घोंगडीत शिरला.

"झोपू नोको! बायकोचं गाऱ्हाणं सांग, मले शिव्या दे, पन बोल!"

सुधीर बोलेना. मग एरवी मोजकं बोलणारा तो माणूसच त्याला चिमटे काढत बोलत राहिला, धानाच्या रोवणीपासून सासूच्या स्वभावापर्यंत. आम्ही नुसते बघत होतो. बऱ्याच वेळाने सुधीरचे दात वाजू लागले.

"आता थरथर कापून रायला, म्हंजे वाचला," वाटाड्या म्हणाला. "तुमी काय पाहून रायले? चहा मांडा ना!"